समुद्रात जाणारे प्लास्टिक कॅम्पसवरच कसे अडवायचे : महाविद्यालये आणि विद्यापीठांसाठी कामाची पद्धत

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. त्या सकाळी मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत ठिकठिकाणच्या महाविद्यालयांचे एनएसएस स्वयंसेवक पुळणीवर असतात. काम चांगले आहे आणि ते थांबवू नये. पण विद्यापीठाच्या हातात याहून मोठ्या गोष्टी आहेत. हजारो माणसे रोज जिथे खातात, पाणी पितात, प्रयोग आणि कार्यक्रम करतात, तिथली सगळी खरेदी विद्यापीठ ठरवते. मोजमापाला प्रयोगशाळा आहेत, वर्षभर काम करू शकतील असे विद्यार्थी आहेत, आणि नगर परिषदेपासून मच्छीमार सोसायटीपर्यंत त्याच्या शब्दाला वजन आहे. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी, कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आणि विद्यार्थी प्रतिनिधींसाठी ही पद्धत लिहिली आहे. क्रम शक्यतो पाळावा. मोजणी न करता थेट बंदीचा फलक लावला की तो फलक तेवढा उरतो.

आधी पाणी कुठे जाते ते शोधा

“समुद्र आमच्यापासून लांब आहे” हे उत्तर महाराष्ट्रात कुठेच खरे नाही. कलिन्याजवळचा वाकोला नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीत. पुण्याची मुळा-मुठा भीमेतून कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात जाते. नागपूरची नाग नदी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असे करत गोदावरीत पोचते. वाटेतल्या धरणांत बरेच प्लास्टिक अडकते, पण तिथेही ते गोड्या पाण्यातल्या माशांच्या वाट्याला येते आणि तुकडे होत पुढे सरकते.

बांधकाम विभागाकडून पावसाळी गटारांचा नकाशा घ्या. जुन्या आवारात तो बहुधा अपुरा असतो, म्हणून जोराच्या पावसात छत्री घेऊन एकदा पूर्ण आवार फिरा आणि पाणी कुठून येते, कुठे तुंबते, भिंतीखालून कुठे बाहेर पडते ते नकाशावर मांडा. कँटीनच्या मागची मोरी, सायकल स्टँडचा उतार आणि वसतिगृहाच्या कचराकुंडीजवळचे चेंबर या तीन जागा नक्की बघा. बाहेर पडण्याचे मार्ग सहसा दोन-चारच निघतात, आणि पुढचे बरेच काम त्यांच्यावर बेतलेले आहे.

कचऱ्याची मोजणी

मोजणी सोमवार ते शनिवार अशी सलग सहा दिवस करा. परीक्षेचा, सुट्टीलगतचा किंवा युवा महोत्सवाचा आठवडा घेऊ नका. कार्यक्रमाचा कचरा वेगळा मोजायचा असतो. लागणारे सामान असे : साधारण १० × १० फुटांची ताडपत्री, ५० किलोपर्यंतचा टांगता डिजिटल काटा, १ ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातला काटा, जाड रबरी हातमोजे, चिमटे, आणि सुया-ब्लेडसाठी एक घट्ट झाकणाचा कडक डबा. सहा ते आठ जण पुरेत.

ढीग ताडपत्रीवर पसरा आणि असे गट पाडा : पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या, पिशव्या (दुधाच्या वेगळ्या), वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, कागदी कप, पार्सलचे डबे-चमचे, थर्माकोल, कार्यालय आणि स्टेशनरी, इतर. प्रयोगशाळेच्या लाल पिशव्या (संसर्गित कचऱ्याच्या) उघडू नका, फक्त वजन करा. प्रत्येक गटाचे वजन आणि नग दोन्ही लिहा. रिकामे पाकीट काही ग्रॅमचेच असते, त्यामुळे नुसत्या वजनात ते दिसतच नाही; उलट वाऱ्याने उडून गटारात जाण्यात तेच पुढे.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली ओल. तळाशी चहा राहिलेले कप आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या तशाच तोलल्या तर आकडा कितीतरी पट फुगतो. बाटल्या उपड्या करा, बाकीचे एक दिवस उन्हात वाळवा, मग तोला. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. सफाई कामगार चांगल्या बाटल्या आणि पुठ्ठा आधीच बाजूला काढून भंगारात देतात, म्हणून ढिगात बाटल्या कमी दिसतात. मोजणीच्या आधी त्यांच्याशी बोला, आठवड्याला अंदाजे किती किलो जाते ते विचारून हिशेबात धरा. ती त्यांची कमाई आहे. “हिरवा कॅम्पस” म्हणून ती काढून घेऊन संस्थेच्या खात्यात जमा करणे अन्यायाचे आहे, आणि त्या दिवसापासून वर्गीकरणही थांबते.

शेवटी एकच आकडा काढा : माणशी दिवसाला किती ग्रॅम. समजा सहा दिवसांत ४२ किलो प्लास्टिक निघाले आणि रोजची सरासरी उपस्थिती २,००० आहे, तर ४२,००० ला १२,००० ने भागून ३.५ ग्रॅम. पुढच्या वर्षी विद्यार्थीसंख्या बदलली तरी या आकड्याची तुलना करता येते. सगळ्या प्रकारचा मिळून कचरा दिवसाला १०० किलोच्या वर जात असेल, तर घनकचरा नियमांनुसार संस्था मोठी कचरा निर्माती ठरते आणि जबाबदाऱ्या वाढतात; तेही याच मोजणीतून कळते.

खरेदी आणि कँटीन

कायद्याचा आधार आधी स्पष्ट असू द्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेट, पेले, चमचे, स्ट्रॉ, ढवळण्या, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर देशभर बंद केले. म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी प्राचार्यांनी नवे परिपत्रक काढायचीही गरज नाही, खरेदीच्या यादीतून त्या काढल्या की झाले.

कँटीनच्या निविदेत “पर्यावरणपूरक साहित्य वापरावे” असे वाक्य लिहू नका. त्यातून कागदी कप येतो, आणि त्याला आतून पॉलिथिनचा थर असतो. लिहायचे ते असे : चहा काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात, नाश्ता स्टीलच्या ताटलीत, बाहेर नेण्यासाठी ग्राहकाचा स्वतःचा डबा. मात्र धुण्याची सोय संस्थेने करून द्या : तीन कप्प्यांचे सिंक, गरम पाणी, वाळवणीची जाळी. कंत्राटदार पुन्हा कागदी कपांवर येतो तो भांडी घासणाऱ्याचा पगार परवडत नाही म्हणून. तो खर्च निविदेत वेगळ्या ओळीत धरा. मधल्या सुट्टीत १५० चहा जात असतील तर फुटतूट धरून २०० पेले हवेत.

एक बारीक गोष्ट. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला की तो बोटभर तुकडा खाली पडतो, पाण्याबरोबर मोरीत जातो आणि कुठल्याच जाळीत अडकत नाही. कोपरा पूर्ण न तोडता चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा. कँटीनमधल्या माणसाला एकदा दाखवले की जमते, आणि अख्खी पिशवी भंगारातही चालते.

पाणी हा सगळ्यात मोठा विषय. बाटल्या विकत घेतल्या जातात त्या दोन कारणांनी : नळाशी रांग असते, आणि पाण्यावर भरवसा नसतो. रांगेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ३ लिटर देणारा नळ अर्ध्या लिटरची बाटली १० सेकंदांत भरतो. माणूस बदलायला आणखी १० सेकंद. म्हणजे २० मिनिटांच्या सुट्टीत एका नळावर ६० जण. एका इमारतीत ३०० जणांना पाणी हवे असेल तर पाच नळ लागतील. कूलरला दोनच असतात, मग लोक दुकानाकडे वळतात. नळाची तोटी आणि खालची जाळी यांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर मोठी बाटली तिरकी धरावी लागते. भरवशासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून दर महिन्याला कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणारे जीवाणू) तपासणी करून घ्या आणि अहवाल तारखेसह नळाशेजारी लावा. टाकी धुतल्याची तारीखही तिथेच. आमच्या मते या एका कागदाने जेवढ्या बाटल्या कमी होतात, तेवढ्या बंदीच्या फलकाने होत नाहीत.

कार्यक्रमांसाठी भाड्याची भांडी घ्या. मंडप डेकोरेटरकडे असतात, आणि कोकणात अनेक वाड्यांची सामाईक भांडी असतात. ५०० जणांचे जेवण दोन पंगतींत उरकायचे तर २७५ संच पुरतात. पत्रावळी घ्यायच्या तर पळसाच्या. कागदी चकचकीत पत्रावळीवर ओले बोट घासून बघा, पापुद्रा सुटला तर तो प्लास्टिकचा. परिसंवादात “कापडी” म्हणून वाटल्या जाणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या असतात. कडेचा धागा पेटवा : सुताची राख होते, पॉलिप्रोपिलीन वितळून मणी बनतो. “विघटनशील” असे छापलेल्या वस्तूंबाबत खास सावध राहा. पीएलएसारखे (वनस्पतींपासून बनवलेले प्लास्टिक) पदार्थ ५८ अंशांच्या आसपास चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात कुजतात. समुद्राच्या थंड, खाऱ्या पाण्यात ते वर्षानुवर्षे टिकतात.

विभागांच्या सवयीही तपासा. जर्नलला प्लास्टिकचे कव्हर, प्रकल्प अहवालाला स्पायरल आणि वर पारदर्शक पान, पुष्पगुच्छाला पन्नी : हे सगळे कुणीतरी सांगितले म्हणून चालू आहे आणि एका परिपत्रकाने थांबते. प्रयोगशाळेत शक्य तिथे काचेच्या पेट्री डिश परत आणा. संसर्गित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. हे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शैक्षणिक संस्थांनाही लागू आहेत.

गटाराच्या तोंडाशी जाळी

नकाशावरच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मार्गावर, भिंतीच्या आत, उचलून काढता येईल अशी गजांची जाळी बसवा. दोन टप्पे चांगले : आधी ५० मिलिमीटर फटींची, तिच्या मागे दोनेक मीटरवर २५ मिलिमीटरची. जाळी सरळ उभी न ठेवता जमिनीशी ६० अंशांनी तिरकी ठेवा, म्हणजे कचरा वर सरकतो आणि दाताळ्याने ओढता येतो. उंची गटाराच्या खोलीच्या दोन तृतीयांश ठेवा. पूर्ण उंचीची जाळी पहिल्या मोठ्या पावसात चोंदते, पाणी आवारात शिरते, आणि वॉचमन तीच जाळी उपटून फेकतो. किनाऱ्यालगत साधे लोखंड दोन पावसाळ्यांत खाते. गॅल्व्हनाइज्ड किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या.

जाळी चोंदते ती जास्त करून पानांनी. मेअखेर आवारातला पाला उचलला की निम्मा त्रास वाचतो. जून-जुलैत रोज आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर सफाई हवी. कोणी करायची त्याचे नाव वेळापत्रकात असू द्या. निघालेले प्लास्टिक पुन्हा तोला. उन्हाळ्यात आवारात साचलेले सगळे पहिल्या पावसाबरोबर येते, म्हणून जूनचा आकडा मोठा असतो. आवाराबाहेरच्या नाल्यात मात्र परवानगीशिवाय काहीही बसवू नका. तो स्थानिक संस्थेचा आहे, आणि तुमच्या जाळीने तुंबलेले पाणी वरच्या बाजूच्या वस्तीत शिरेल.

वेगळे केलेले प्लास्टिक कोण नेणार

कुंड्या घेण्याआधी हे ठरवा. बाटल्या (पीईटी), कडक डबे (एचडीपीई, पीपी) आणि स्वच्छ दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. चकचकीत पाकिटे घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती स्थानिक संस्थेच्या वर्गीकरण केंद्रामार्फत सिमेंट भट्टीकडे गेली तर गेली. म्हणून पाकिटांवर खरा उपाय आहे कँटीनमध्ये पोहे, उसळ, भाजलेले शेंगदाणे ताजे आणि वेफर्सच्या पाकिटापेक्षा स्वस्त ठेवणे.

विद्यापीठाने या साखळीतल्या माणसांसाठी काय करता येते याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यामागे एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचे काम होते. पुढे याच प्रवाहातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. साक्षरता वर्गातून सुरू झालेल्या कामाने शहराची व्यवस्था बदलली. तुमच्या गावातल्या कचरावेचकांशी करार करताना ओळखपत्र, हातमोजे आणि वर्गीकरणाला सावलीची जागा एवढे तरी द्या.

किनाऱ्यावरची नोंद

सफाई आणि नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. “इतके टन उचलले” यावरून प्रदूषण वाढले की घटले ते कळत नाही, कारण माणसे आणि तास दरवेळी वेगळे असतात. नोंदीसाठी किनाऱ्याचा १०० मीटरचा पट्टा कायमचा ठरवा. त्याचे ५-५ मीटरचे २० भाग पाडा आणि चिठ्ठ्या टाकून दरवेळी चार निवडा. प्रत्येक भागात ओहोटीच्या पाण्यापासून मागच्या वनस्पतीपर्यंत चालत २.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू नोंदवा. नगांना क्षेत्रफळाने भागा. महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी जा. म्हणजे उधाणाने (मोठ्या भरतीने) आणलेले आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांतले यांची सरमिसळ होत नाही. पाकिटांवरच्या ब्रँडची नावेही लिहा. फेब्रुवारी २०२२ पासून उत्पादकांवर वेष्टने परत गोळा करण्याची विस्तारित जबाबदारी आहे, तिथे ही यादी उपयोगी पडते.

पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्याने समुद्र स्वतःच कचरा किनाऱ्यावर टाकतो. जुलैचा आकडा जानेवारीच्या अनेक पट आला तर गावकऱ्यांना दोष देऊ नका. जुलैची तुलना मागच्या जुलैशीच.

सफाई करायचीच तेव्हा उचललेल्या गोण्या कोण, कधी, कुठल्या गाडीने नेणार हे ग्रामपंचायतीशी किंवा नगर परिषदेशी आधी लेखी ठरवा. हे न ठरवल्यास गोण्या पुळणीच्या माथ्यावर राहतात आणि पुढच्या उधाणाला परत पाण्यात. वाळूत रुतलेले जाळे ओढू नका, वर दिसते तेवढेच कापा. कासवांच्या विणीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, वरच्या पट्ट्यात दाताळे किंवा गाडी नको. खारफुटीत उतरायचे तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्या, आणि श्वसनमुळांवर पाय पडणार नाहीत इतकीच माणसे न्या.

सूक्ष्म प्लास्टिक : प्रयोगशाळेतले काम

५ मिलिमीटरपेक्षा लहान ते सूक्ष्म प्लास्टिक. पदवीच्या प्रयोगशाळेत वाळूचा नमुना तपासता येतो. भरतीरेषेवर ५० × ५० सेंटिमीटरची चौकट ठेवा, वरची ५ सेंटिमीटर वाळू स्टीलच्या खुरप्याने घ्या, ५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून साधारण किलोभर काचेच्या बरणीत भरा. ६० अंशांवर ४८ तास वाळवा. लिटरला सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवून संपृक्त द्रावण करा आणि ते आधी गाळा, कारण मिठातच प्लास्टिक असते. २०० ग्रॅम वाळूत ६०० मिलिलिटर द्रावण, स्टीलच्या सळईने दोन मिनिटे ढवळणे, रात्रभर स्थिर ठेवणे, वरचे पाणी फिल्टर कागदावर ओतणे. हे तीनदा.

या द्रावणाची घनता १.२ आहे. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन, नायलॉन (१.१४) तरंगतात. बाटलीचे पीईटी १.३८ आणि पीव्हीसी त्याच आसपास, ते तळाशीच राहतात. अहवालात हे लिहिले नाही तर “किनाऱ्यावर बाटलीचे तुकडे नाहीत” असा खोटा निष्कर्ष निघतो. झिंक क्लोराइडने १.५ च्या वर जाता येते, पण ते दाहक आणि जलचरांना विषारी. गाळून पुन्हा वापरा, बेसिनमध्ये कधीही ओतू नका. सेंद्रिय अंश घालवायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ५० अंशांवर २४ तास पुरते. लोहाचे उत्प्रेरक घालून काम लवकर होते खरे, पण मिश्रण अचानक उकळून वर येते. नवशिक्यांनी ते टाळावे.

मोजताना सगळ्यात जास्त फसवतात धागे. सिंथेटिक ओढणी, टी-शर्ट, पंख्याचा वारा यांतून ते नमुन्यात येतात. सुती ॲप्रन घाला, भांडी ॲल्युमिनियम फॉइलने झाका, आणि प्रत्येक खेपेला वाळूशिवाय तीन कोरे नमुने चालवा. त्यांत निघालेले धागे मूळ आकड्यातून वजा करा. तापलेल्या सुईने कण वितळला तर तो संशयित प्लास्टिक एवढेच म्हणा. प्रकार सांगायला एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखण्याची तपासणी) लागते, ते आयआयटी मुंबईतल्या ‘सैफ’सारख्या केंद्रात शुल्क भरून करून मिळते.

बंदरावर

साखरी नाटे, मिरकरवाडा, हर्णे, ससून डॉक अशा ठिकाणी जाळी दुरुस्त करताना निघणारे तुकडे जेटीवरून थेट पाण्यात पडतात. सोसायटीशी बोलून दुरुस्तीच्या जागी २०० लिटरचे पिंप ठेवा. जेटीच्या फाटकाशी ठेवलेले कुणी वापरत नाही. वर्गीकरणाला गोड्या पाण्याची बादली पुरते : नायलॉन बुडते, पॉलिथिनचे दोर तरंगतात. मिसळलेल्या मालाला भाव नाही, वेगळ्या केलेल्याला आहे. तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि खलाशांना व्याख्यान देण्याआधी त्यांच्याकडून ऐका. कुठल्या खडकाळ भागात जाळी अडकून राहिली आहेत हे त्यांना ठाऊक असते आणि तो नकाशा दुसऱ्या कोणाकडे नाही.

काम टिकण्यासाठी

विद्यार्थी तीन वर्षांत जातात, कार्यक्रम अधिकारी बदलतो. म्हणून हे काम अभ्यासक्रमात बसवा. दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट ६० तासांचा धरला तर प्रशिक्षणाला १० तास, पाच तासांच्या सहा मासिक नोंदींना ३०, आकडेमोड आणि लेखनाला २०, असा तो नेमका बसतो. एनएसएसचे वर्षाचे १२० तास गटाराच्या जाळ्या आणि कचऱ्याच्या मोजणीला वापरा. नोंदवही ग्रंथालयात ठेवा, विभागप्रमुखाच्या कपाटात नको.

दरवर्षी डिसेंबरपर्यंत एका पानाचा मराठी अहवाल करून नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला द्या, कारण पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्या सुमारास आकार घेते. त्यात किनाऱ्यावर सर्वाधिक सापडलेल्या पाच वस्तू, त्या येतात ते नाले नकाशावर, आणि एकच मागणी : अमुक नाल्यावर जाळी, किंवा अमुक जेटीवर आठवड्यातून दोनदा गाडी. सोबत मागच्या वर्षीचा आकडा जोडा, आणि सभेला आकडे सांगायला विद्यार्थ्यांनाच पाठवा.